समेट, सलोखा, समाधान : एका अर्थक्षेत्राची मांडणी

मद्रास उच्च न्यायालयाच्या आवारात मध्यस्थीने वाद मिटविण्याचे एक केंद्र आहे. न्यायालयाशी संलग्न असे हे देशातील पहिले केंद्र म्हणून ओळखले जाते. ९ एप्रिल २००५ रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्याच्या तमिळ नावात 'समरस मैयम्' असे दोन शब्द आहेत. 'मैयम्' म्हणजे केंद्र. 'समरस' हा शब्द मात्र मराठी वाचकाला थबकायला लावतो. आपण गाण्यात समरस होतो, भक्त देवाशी समरस होतो. भाडेकरू आणि घरमालक न्यायालयाच्या एका खोलीत बसून समरस होतात, असे आपण कधी म्हणणार नाही. तमिळमध्ये तसे म्हणतात, आणि त्यात विनोद नाही. तेथे 'समरसम्' म्हणजे तडजोड, उभयपक्षी मान्य झालेला तोडगा.

ह्या नावापाशी थांबण्यास एक प्रत्यक्ष कारण घडले. येथील मुक्कामात एका बहुभाषिक परिभाषासूचीचे काम चालू होते, आणि इंग्रजीतील 'रिकन्सिलिएशन' ह्या संज्ञेसमोर मराठीचा रकाना भरण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले. शब्द एकच हवा, असा सूचीचा दंडक होता. काम पाच मिनिटांचे वाटले. त्याला कित्येक आठवडे लागले. मराठीत शब्द नाही म्हणून हे झाले नाही. शब्द सात-आठ आहेत आणि त्यांपैकी कोणताही दुसऱ्याच्या जागी ठेवता येत नाही, ही खरी अडचण होती.

प्रथम मूळ संज्ञेचे पाहू. 'रिकन्सिलिएशन' हा शब्द लॅटिन 'रेकॉन्किलियारे' ह्या क्रियापदावरून आला. त्यात 'कॉन्किलियुम' म्हणजे सभा, आणि सभेच्या मुळाशी 'कालारे' म्हणजे हाक मारणे, पुकारणे. तेव्हा धात्वर्थ असा : पांगलेल्यांना पुन्हा हाक मारून एकत्र बोलावणे. महिन्याचा पहिला दिवस पुकारून सांगितला जाई म्हणून 'कॅलेंडर' हा शब्दही त्याच कुळातला. परंतु ख्रिस्ती परंपरेने ज्या ग्रीक शब्दाच्या जागी हा लॅटिन शब्द बसविला, तो सर्वस्वी वेगळ्या व्यवहारातून आलेला आहे. पौलाच्या पत्रांत 'कातालागे' हा शब्द येतो. त्याच्या पोटात 'आलोस', म्हणजे 'दुसरा', हा शब्द आहे. क्रियापदाचा अर्थ बदलणे, अदलाबदल करणे. ग्रीकमध्ये नाण्यांच्या अदलाबदलीसही हाच शब्द चाले. एकीकडे हाक आणि सभा, दुसरीकडे सराफाची पेढी. इंग्रजी भाषांतरकार टिंडेल ह्याने सोळाव्या शतकात ह्याच जागी 'अटोनमेंट' हा तिसराच शब्द वापरला, ज्याची फोड केली तर अर्थ निघतो 'एक-असणे'. पाश्चात्त्य भाषांनाही ह्या अर्थासाठी तयार घर मिळाले नव्हते; प्रत्येकीने आपल्या व्यवहारातले एखादे चित्र उसने घेतले.

भारतीय भाषांतील बायबलच्या अनुवादांची तुलना ह्या दृष्टीने फार उद्बोधक ठरते. प्रचलित मराठी बायबलात ह्या जागी 'समेट' आहे, हिंदीत 'मेलमिलाप', आणि तमिळमध्ये 'ओप्पुरवु'. तमिळ नवा करार तरंगम्बाडी येथे १७१५ साली छापून झाला, त्यामुळे तेथे ह्या शब्दनिवडीमागे भारतातील सर्वांत जुन्या छापील परंपरांपैकी एक उभी आहे. 'ओप्पुरवु' हा शब्द मिशनऱ्यांनी घडविलेला नव्हे. तिरुक्कुरळाच्या बाविसाव्या अधिकाराचे नाव 'ओप्पुरवु अऱिदल्' असे आहे, आणि तेथे त्याचा अर्थ भांडण मिटविणे असा मुळीच नाही. लोकरीतीला अनुसरून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता आपल्या संपत्तीचा उपयोग दुसऱ्यांसाठी करणे, असा काहीसा तो आहे. धातू 'ओप्पु' : जुळणे, सारखे असणे, मान्य करणे. करारनाम्याला तमिळमध्ये 'ओप्पन्दम्' म्हणतात. आणि तौलनिक साहित्याभ्यासाला म्हणतात 'ओप्पिलक्कियम्'. ज्या विषयावर आपली उपजीविका चालते त्याचे तमिळ नाव समेटाच्या शब्दाशी सख्खे नाते सांगते, हे कळल्यावर थोडी गंमत वाटल्यावाचून राहिली नाही. आपला 'तौलनिक' शब्द तुलेतून, म्हणजे तराजूतून, आला. त्यात एक पारडे वर जाणारच.

आता संस्कृतकडे येऊ, कारण मराठी आणि तमिळ ह्या दोघींनीही संस्कृत शब्द घेतले आहेत आणि दोघींनी त्यांना निरनिराळ्या घरी नांदविले आहे. 'सम्' उपसर्गासह 'धा' म्हणजे एकत्र ठेवणे. त्यातून 'संधि' आणि 'समाधान' असे दोन शब्द निघाले. कौटिल्याच्या षाड्गुण्यात संधी हा पहिला गुण. 'हितोपदेशा'चा शेवटचा भागही 'संधि' ह्याच नावाचा. मराठीत आज 'संधी' म्हणजे अनुकूल वेळ, सोडू नये अशी. तमिळमध्ये 'सन्दि' म्हणजे जेथे वाटा मिळतात ती जागा, आणि 'सन्दिप्पु' म्हणजे भेट. रेल्वेच्या जंक्शनांवर हाच शब्द रंगविलेला दिसतो. दोन्हींतून राजकारण गळाले आहे, एकीत काळ उरला, दुसरीत स्थळ.

'समाधान' ह्या शब्दाचा प्रवास ह्याहून महत्त्वाचा आहे. येथे आल्यावर पहिल्याच महिन्यात एका स्नेह्यांनी शेजारच्या दोन भावांविषयी सांगितले की ते 'समादानम्' झाले. आम्ही समजलो, दोघेही सुखी आहेत. वास्तविक त्यांनी कोर्टातला दावा काढून घेतला होता, इतकेच. तमिळमध्ये 'समादानम्' म्हणजे शांतता, युद्धाच्या विरुद्ध असलेली. शांततेचे चिन्ह असलेले पांढरे कबूतर तेथे 'समादानप् पुऱा' होते. शब्द दोन पक्षांमधल्या जागेत राहतो. मराठीत तोच शब्द एका माणसाच्या आत जाऊन बसला. समाधानी माणूस एकटा असू शकतो. किंबहुना तो एकटाच असतो.

मराठीत हे नेहमीच असे नव्हते. जुन्या पत्रव्यवहारात रुसलेल्या सरदाराचे समाधान करावे लागे, सावकाराचे समाधान करावे लागे. शंकासमाधानात तो दोघांमधला अर्थ अजून टिकला आहे. परंतु 'समाधान' हे अंतःकरणाच्या स्थितीचे नाव होण्यास संतवाङ्मयाचा, विशेषतः 'दासबोधा'सारख्या ग्रंथाचा, मोठा हातभार लागला असे मला वाटते. समाधी आणि समाधान ह्यांचे सान्निध्य तेथे सतत जाणवते. मग लोकव्यवहारात 'समाधान मानणे' असा प्रयोग रूढ झाला. हा प्रयोग नीट ऐकावा. मिळेल त्यात समाधान मानावे, असे कोण कोणाला सांगतो? ज्याला कमी मिळाले त्याला, ज्याच्याकडे अधिक आहे तो. दोन पक्षांनी करावयाची गोष्ट एका पक्षाने मानून घ्यावयाची गोष्ट झाली.

फारसी-अरबी शब्दांची गती नेमकी उलटी दिसते. 'दिलजमाई' घ्या. फारसीत 'दिलजमई' म्हणजे चित्त गोळा होणे, मनाची स्वस्थता, भरवसा. ती एका माणसाची अवस्था आहे. मराठीत दिलजमाईला किमान दोन माणसे लागतात. 'करार' घ्या. अरबीतील ह्या शब्दात स्थिरता, विसावा हा अर्थ मुख्य आहे. उर्दू कवितेत मनाला करार नसतो, म्हणून माणूस बेकरार होतो. मराठीने बेकरारी जवळजवळ सोडून दिली आणि करारनामा ठेवला. ह्या शब्दांची आपल्याकडची वाट दफ्तरखान्यातून आली, मठातून नव्हे, एवढे लक्षात घेतले म्हणजे ह्या उलट गतीचे फारसे आश्चर्य राहत नाही. संस्कृत शब्द कीर्तनात गेला आणि अंतर्मुख झाला. फारसी शब्द कचेरीत बसला आणि बहिर्मुख झाला. तमिळ प्रदेशात दफ्तराची भाषा इतक्या खोलवर फारसी झाली नाही, त्यामुळे बाहेरचे काम तेथे 'समादानम्' ह्याच शब्दाला करावे लागले असावे.

'सलोखा' ह्या शब्दावर जरा रेंगाळणे आवश्यक आहे. त्याचे जुने रूप 'सलूख', मूळ अरबी 'सुलूक'. धात्वर्थ वाटेने चालणे. सूफी साधकाच्या मार्गाला सुलूक म्हणतात आणि त्या वाटेवरच्या पांथस्थाला सालिक. पुढे अर्थ झाला वागणूक, वर्तन. आणि मराठीत चांगले वर्तन, एकमेकांशी बरे वागणे. समेट आणि सलोखा हे शब्द आपण सर्रास पर्याय म्हणून वापरतो, परंतु त्यांच्या सोबतची क्रियापदे पाहिली की भेद उघड होतो. समेट 'होतो', 'केला जातो', पुष्कळदा कोणी तिसरा तो 'घडवून आणतो'. तह 'केला जातो' आणि 'मोडला जातो'. सलोखा मात्र 'राखतात', 'जपतात', सलोख्याने 'राहतात'. समेटाला तारीख असते. सलोख्याला नसते, तो रोज करावा लागतो. 'समेट' हा 'समेटणे' ह्या हिंदीत अधिक रूढ असलेल्या क्रियापदाचा सोयरा, म्हणजे पसरलेले आवरून घेणे. एकदा आवरले की संपले. 'तडजोड' ह्या शब्दात तर शिवण उघडी दिसते, जोड दिलेली आहे हे लपत नाही. म्हणून तडजोड करणाराला आपण शहाणा म्हणतो आणि त्याच श्वासात थोडा हलकाही लेखतो.

हे सर्व केवळ कोशातले भेद नाहीत, हे दाखविण्यासाठी तमिळ भूमीवरच घडलेले आणि मराठीत लिहिले गेलेले एक प्रकरण घेतो. १६७७ साली शिवाजी महाराज दक्षिणेत आले. चेन्नईच्या जॉर्ज टाउनमधील काळिकांबाळ देवळात त्यांनी दर्शन घेतल्याची परंपरा येथील लोक आजही सांगतात. त्या स्वारीतील एक प्रश्न घरातला होता. शहाजी राजे १६६४ साली निवर्तले होते, त्यांच्या दक्षिणेतील जहागिरीचा वाटा शिवाजी महाराजांना हवा होता, आणि तंजावर धरून बसलेले सावत्र बंधू व्यंकोजी, ज्यांना तंजावरकर एकोजी म्हणतात, तो देण्यास तयार नव्हते. कोळ्ळिडम् नदीच्या काठी तिरुमळवाडी येथे दोघे भाऊ भेटले. बोलणे फिसकटले. व्यंकोजी रातोरात नदी ओलांडून निघून गेले. पुढे महाराज परतल्यावर वालगोंडपुरमजवळ व्यंकोजींची लढाई झाली ती महाराजांच्या बाजूने लढणाऱ्या संताजी ह्या दुसऱ्या सावत्र भावाशी. त्यानंतर रघुनाथ नारायण हणमंते ह्यांची मध्यस्थी आणि व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई ह्यांचा समजूतदारपणा ह्यांमुळे तह झाला. तंजावर व्यंकोजींकडे राहिले. बंगळूर आणि आसपासचा मुलूख दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी म्हणून देण्यात आला.

ह्या 'चोळीबांगडी'कडे लक्ष वेधावेसे वाटते. मुलूख भावाला दिला असता तर तो वाटणीचा कबुलीजबाब झाला असता, आणि दोघांपैकी एकाला हरावे लागले असते. भावजयीला माहेरच्या नात्याने दिला, त्यामुळे द्यायचे ते दिले गेले आणि कोणी हरले नाही. तहाच्या कलमांना जे जमत नाही ते नात्याच्या शब्दाने साधले.

तरीही प्रकरण तेथे संपले नाही. तह झाल्यावर व्यंकोजींचे राज्यकारभारातून मन उडाले. ते उदास राहू लागले, वैराग्याच्या गोष्टी करू लागले. ही वार्ता ऐकून शिवाजी महाराजांनी त्यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे, १८२६ च्या आपल्या इतिहासात ग्रँट डफनेही ते दिले आहे. त्याचा आशय असा की हे दिवस पराक्रमाचे आहेत, विरक्तीला म्हातारपण आहे, आता काम करून दाखवावे. पत्र वडील भावाचे आहे, मायेचे आहे. आणि जिंकलेल्याचेही आहे. आपले इतिहासकार ह्या प्रकरणाला तह म्हणतात, क्वचित समेट म्हणतात. दोन्ही बरोबर आहे. परंतु दिलजमाई झाली काय, आणि व्यंकोजींचे समाधान झाले काय, ह्या दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरे तहाच्या कागदात सापडत नाहीत. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात दुसऱ्या सरफोजींनी १८०३ साली भोसले वंशाचा प्रदीर्घ वृत्तांत मराठीत कोरवून घेतला. तो तंजावरच्या शाखेने सांगितलेला आहे, आणि सव्वाशे वर्षांनंतर त्या शाखेला आपली हकीकत दगडावर लिहून ठेवावीशी वाटली, हीदेखील ह्या तहाविषयीची एक साक्ष मानावयास हरकत नाही.

इंग्रजी संज्ञेतील एक अक्षर आतापर्यंत बाजूला ठेवले होते, ते म्हणजे आरंभीचा 'रि', पुन्हा. ज्यांच्यात पूर्वी ऐक्य होते त्यांनाच पुन्हा एक करता येते. व्यंकोजी आणि शिवाजी एका बापाचे पुत्र होते, तेथे ही अट पुरी होते. दक्षिण आफ्रिकेत १९९५ च्या कायद्याने आयोग नेमला गेला, तेव्हा हा आक्षेप घेतला गेला की येथे गोऱ्या-काळ्यांत आधी मैत्री होती कधी, की ती पुन्हा व्हावी? मराठीतील समेट, सलोखा, तडजोड ह्यांपैकी एकातही 'पुन्हा' नाही, हे आपल्या शब्दांचे एक बलस्थान मानावे. १९३२ च्या सप्टेंबरात येरवड्यात जे झाले त्याला आपण पुणे करार म्हणतो, पुणे समेट म्हणत नाही. हा भाषेचा प्रामाणिकपणा आहे. जेथे अटी होत्या तेथे करार म्हटले गेले.

ह्याच दृष्टीने 'समरस' शब्दाकडे परत यावे लागते. तमिळमध्ये त्याला दुसराही एक इतिहास आहे. ज्यांचे तारुण्य ह्याच शहरात गेले त्या रामलिंग स्वामींनी १८६५ साली जो संघ स्थापन केला त्याच्या नावात 'समरस' होता. अर्थ होता सर्व धर्ममार्गांविषयी समभाव. तेथून शब्द उतरत उतरत कोर्टातल्या तोडग्यापर्यंत आला. शब्दाची ही उतरण मला दुःखद वाटत नाही. तोडगा काढणाऱ्या पक्षकाराला निदान ठाऊक असते की आपण काय सोडले. मराठीत शब्द वरच राहिला. शैव आणि नाथ परंपरेतील सामरस्य हे शिव आणि शक्ती ह्यांचे आहे, जेथे मुळात भेदच खरा नाही. हा शब्द समाजव्यवहारात आणला की काय होते, ह्याचा वाद महाराष्ट्राने पाहिला आहे. पुण्यात १९८३ साली सामाजिक समरसता मंच स्थापन झाला, तेव्हापासून 'समता की समरसता' हा प्रश्न दलित साहित्याच्या चर्चेत वारंवार आला. समरसतेचा पक्ष म्हणतो की कायद्याने समता येते, आपलेपणा येत नाही. विरोधकांचे म्हणणे, की समतेचा हिशेब पुरा होण्याआधी समरस होण्यास सांगणे म्हणजे दुबळ्याने आपला रस सबळाच्या पात्रात ओतणे. संघटनांचे राजकारण बाजूला ठेवून केवळ शब्दांपुरते बोलावयाचे तर मला दुसरा पक्ष बळकट वाटतो. 'समता' हा शब्द दोघांचे अस्तित्व गृहीत धरतो. 'समरसता' एकाच रसाचे. आणि कोणाचा रस, हे शब्द सांगत नाही.

हिशेबाचा उल्लेख सहज आला, पण तोही विषयाबाहेरचा नाही. जमाखर्चात बँकेचे पुस्तक आणि आपले पुस्तक ह्यांतील फरक शोधून काढण्यालाही इंग्रजीत रिकन्सिलिएशनच म्हणतात. आपल्याकडे अकरावीच्या विद्यार्थ्याला ते 'बँक जुळवणी पत्रक' म्हणून शिकवितात. तेथे फरक माफ करण्याची सोय नसते, तो कोठे पडला हे दाखवावेच लागते.

ग्रीक अदलाबदलीचे चित्र मराठीत कोठेच नाही, असा माझा समज होता. तो महाराष्ट्र शासनाच्या महसूल विभागाने दूर केला. २०२३ च्या जानेवारीत 'सलोखा' नावाची एक योजना निघाली. सातबाऱ्यावर जमीन एकाची, वहिवाट दुसऱ्याची, आणि दुसऱ्याच्या जमिनीवर पहिल्याची, असे बारा वर्षांहून अधिक काळ चालत आलेले असेल, तर दोघांनी अदलाबदलीचा दस्त करावा. मुद्रांक शुल्क एक हजार रुपये, नोंदणी फी एक हजार रुपये. बांधावरची पिढ्यान्‌पिढ्यांची भांडणे ह्या मार्गाने मिटावीत, हा हेतू. योजनेला नाव देणाऱ्या अधिकाऱ्याला पौलाच्या पत्रांतील ग्रीक शब्द आठवला असेल, असे मानण्याचे कारण नाही. तरी त्याने 'समेट' न म्हणता 'सलोखा' म्हटले. दस्त एका दिवसात होतो, शेजार उरतो.

परिभाषासूचीच्या संपादकांना शेवटी मी दोन शब्द पाठविले, 'समेट' आणि 'सलोखा', आणि प्रत्येकापुढे त्याचे क्रियापद लिहिले : करणे, राहणे. त्यांनी दंडकाची आठवण देऊन विचारले की दोहोंपैकी कोणता ठेवावा. तमिळच्या रकान्यात तोपर्यंत तीन शब्द झाले होते, 'ओप्पुरवु', 'समरसम्' आणि श्रीलंकेच्या सरकारी तमिळमधला 'नल्लिणक्कम्', आणि त्या रकान्याच्या विद्वानांनीही एकही काढून टाकण्यास नकार दिला होता. सूची अद्याप छापखान्यात गेलेली नाही.